रात्रीचं खाणं आणि वजन : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न : रात्री आठनंतर खाल्लेलं सगळं चरबीत जातं म्हणतात. माझं जेवण नऊच्या आधी होत नाही. वजन त्यामुळेच वाढतंय का?

आठच्या ठोक्याला शरीरात असं काही बदलत नाही. 2022 मध्ये ॲबर्डीन विद्यापीठातल्या संशोधकांनी 30 जणांना चार आठवडे सकाळी भरपूर आणि रात्री कमी, तर आणखी चार आठवडे त्याच्या उलट खायला दिलं. एकूण कॅलरी तेवढ्याच ठेवल्या. वजन दोन्ही वेळा सारखंच उतरलं. फरक दिसला तो भुकेत : सकाळी भरपूर खाल्लं की भूक कमी लागत होती.

म्हणून वेळेला काहीच किंमत नाही, असं मात्र समजू नका. त्याच वर्षी बोस्टनमध्ये 16 जणांची जेवणं चार तासांनी पुढे ढकलून पाहिली, अन्न तेच ठेवून. भूक लागण्याची शक्यता दुपटीने वाढली, पोट भरल्याची खबर मेंदूला देणारं लेप्टिन कमी झालं आणि जागेपणी होणारा कॅलरींचा खर्च सुमारे 5 टक्क्यांनी घटला. प्रयोग लहान आहे, पण काळजीपूर्वक केलेला आहे.

तुमच्या बाबतीत नऊचं जेवण आधी बाजूला ठेवा आणि जेवणानंतर काय पोटात जातं ते मोजा. टीव्हीसमोर सहज संपणारे 50 ग्रॅम शेंगदाणे म्हणजे सुमारे 280 कॅलरी. तेवढ्याच वजनाचे वेफर्स 270 च्या आसपास. हे रोजचं झालं, की वजनवाढीचं कारण शोधायला घड्याळाकडे जावं लागत नाही.

प्रश्न : दिवसभर खाण्यावर ताबा असतो, रात्री साडेदहानंतर मात्र हात आवरत नाही. मनाचा निश्चय कमी पडतो का?

निश्चयाला दोष देऊ नका. बहुतेक वेळा रात्रीच्या खाण्याचं मूळ दुपारी असतं. सकाळी फक्त चहा, दुपारी घाईत चार घास, मग दिवसभराची तूट शरीर रात्री भरून काढतं. त्यात शरीराच्या घड्याळानुसार भूक सकाळी आठच्या सुमारास सर्वांत कमी आणि संध्याकाळी आठच्या सुमारास सर्वांत जास्त असते. म्हणजे रात्रीची लढाई मुळातच अवघड आहे. ती दिवसा सोपी करून ठेवायची.

चार दिवस वही ठेवा. वेळ, पदार्थ, अंदाजे प्रमाण आणि खाताना पोट खरंच रिकामं होतं की नुसता कंटाळा आला होता, एवढंच लिहा. रात्रीच्या जेवणापर्यंत दिवसाचं निम्मंही खाणं झालेलं नसेल, तर आधी ते दुरुस्त करा. नाश्ता आणि दुपारचं जेवण या दोन्हींत 20 ते 30 ग्रॅम प्रथिनं हवीत. दोन अंडी 12 ग्रॅम, पाव लिटर दूध 8 ग्रॅम, 50 ग्रॅम कच्ची डाळ शिजवून साधारण 12 ग्रॅम, असा हिशोब धरा. चार-पाचच्या सुमारास काहीतरी खा. आदल्या रात्री जास्त झालं म्हणून दुसऱ्या दिवशी उपाशी राहणं ही यातली सर्वांत मोठी चूक. त्याने ती रात्रही तशीच जाते.

तरीही रात्री खावंसं वाटलं, तर स्वतःला विचारा : साधं उकडलेलं अंडं किंवा वाटीभर बिनसाखरेचं दही चालेल का? चालत असेल तर ती भूक आहे. तेच वाटीत घेऊन, बसून खा. फक्त गोड किंवा कुरकुरीतच हवं असेल, तर बहुधा थकवा आहे आणि त्यावर उपाय झोप. पाकिटातून थेट खायचं नाही, मग ते काहीही असो.

प्रश्न : घरी पोचायला रात्रीचे साडेदहा होतात. जेवून लगेच झोपावं लागतं.

जेवणाचे दोन भाग करा. सहा-सातच्या सुमारास कामाच्या ठिकाणीच पिष्टमय पदार्थ आणि प्रथिनं असलेला मोठा भाग, घरी आल्यावर भाजी किंवा सूप आणि थोडी प्रथिनं. भरल्या पोटी आडवं झालं की आम्ल वर येतं, झोप मोडते आणि कमी झोपेमुळे दुसऱ्या दिवशी भूक वाढते. शिवाय रात्री झोपेची वेळ झाल्याचं शरीराला कळवणारं मेलाटोनिन वाढलेलं असताना इन्शुलिन कमी स्रवतं, त्यामुळे तेच अन्न रक्तातली साखर जास्त वाढवतं. मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय रात्रीचं जेवण कमी करू नका, टाळू तर मुळीच नका. साखर झोपेत धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

प्रश्न : काल उशिरा जेवलो, आज काटा एक किलो जास्त दाखवतो!

ती चरबी नाही. किलोभर चरबीसाठी सुमारे 7,700 कॅलरी जास्तीच्या लागतात. मिठामुळे साठलेलं पाणी, पोटातलं अन्न आणि ग्लायकोजेनबरोबर, म्हणजे शरीरात साठवलेल्या साखरेबरोबर, राहिलेलं पाणी (एका ग्रॅममागे सुमारे 3 ग्रॅम) यांचं ते वजन आहे. सकाळी शौचानंतर, काही खाण्यापूर्वी वजन करा आणि आठवड्याची सरासरी पाहा.

प्रश्न : मध्यरात्री जाग येते आणि खाल्ल्याशिवाय पुन्हा झोप लागत नाही. आठवड्यातून तीन-चारदा होतं.

हे डॉक्टरांना दाखवा. रात्री उठून खाण्याच्या या विकाराचं वर्णन अल्बर्ट स्टंकार्ड यांनी 1955 मध्ये केलं. दिवसाच्या कॅलरींपैकी 25 टक्के किंवा जास्त रात्रीच्या जेवणानंतर जाणं, किंवा आठवड्यातून किमान दोनदा उठून खाणं, ही त्याची मुख्य लक्षणं. बऱ्याचदा त्याबरोबर उदासपणा आणि सकाळी भूकच न लागणं असतं. उपचार आहेत : वर्तनोपचार, गरज पडल्यास औषधं. उठून खाल्ल्याचं सकाळी आठवत नसेल तर प्रकार वेगळा असू शकतो. झोल्पिडेमसारख्या झोपेच्या गोळ्यांनी तसं होतं. अशी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, पण ती मनाने बंद करू नका.