हिस्टॉलॉजीच्या (मायक्रोस्कोपखाली शरीरातल्या ऊती ओळखण्याच्या विषयाच्या) स्लाइड लक्षात कशा ठेवाव्यात? सीनियरांनी दिलेली खुणांची यादी पाठ केली तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय की एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला सगळ्याच स्लाइड गुलाबी-जांभळ्या दिसतात, सीनियरांनी खुणांची यादी दिली आहे, आणि अ‍ॅटलस कुठला घ्यावा तेही कळत नाही.

ती यादी फाडून टाका. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, म्हापशाला असतो. या यादीवरून आमच्या घरात अजून वाद होतात, म्हणून सविस्तर लिहितो.

माझा आतेभाऊ कॉलेजात माझ्या वरच्या वर्गात होता. आम्ही त्याला भाई म्हणतो. कॉलेज गोव्यातलंच, नाव नको. पहिल्या वर्षाला त्याने मला मायेने एक वही दिली. कोपरा तुटलेला तुकडा म्हणजे युरेटर (मूत्रनलिका), काचेत बुडबुडा अडकलेली ती थायमस (छातीतली ग्रंथी), लेबल तिरकं ते पॅन्क्रिया. वर्गातली निम्मी मुलं तेवढ्यावर विसंबून होती. मला ते तेव्हाही पटलं नाही. बुडबुडा काचेत असतो, थायमसमध्ये नसतो. मी दुपारी लॅबमध्ये बसून एच अँड ई (हिमॅटॉक्सिलिन-इओसिन या रंगांच्या जांभळ्या-गुलाबी) पेन्सिलीने चित्रं काढायचो आणि भाई म्हणायचा, "तुला चित्रकार व्हायचंय की डॉक्टर?"

गोव्याचा पावसाळा तुम्हाला माहीत आहे. कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तशी मायक्रोस्कोपच्या लेन्सलाही येते. जुन्या स्लाइडचे रंगही उडत आले होते. त्या वर्षी विभागाने ऊतींचे नवे मेणाचे ब्लॉक कापून नवा संच केला आणि परीक्षेला तोच मांडला. एका टेबलावर युरेटर होता, तोही तिरका कापलेला. कोपरा शाबूत. मी आधी लो पॉवरवर पाहिलं. मधली पोकळी चांदणीसारखी, आतला थर ट्रान्झिशनल एपिथेलियमचा (मूत्रमार्गाचं ताणलं जाणारं अस्तर), सगळ्यात वरच्या पेशी मोठ्या, घुमटासारख्या फुगीर, एखादीत दोन न्यूक्लियस. बाहेर स्नायूंचा थर बेताचा. व्हास डेफरन्स (शुक्रवाहिनी) असता तर पोकळी बारीक आणि भोवती स्नायूंची जाडजूड भिंत दिसली असती. घंटा व्हायच्या आत माझं लिहून झालं. ओळीतली बरीच मुलं काच हलवून कोपरा शोधत होती. मला अजून त्यांचा नाही, वही देणाऱ्यांचा राग येतो.

आता सगळं गुलाबीच का दिसतं? हिमॅटॉक्सिलिन डीएनए-आरएनएला धरतं, म्हणून न्यूक्लियस जांभळे. इओसिन प्रथिनांना धरतं, म्हणून बाकी सारं गुलाबी. त्यामुळे नुसत्या रंगावरून अवयव ओळखता येत नाही, पण पेशीत काय चाललंय ते कळतं. पॅन्क्रियाची एक असिनस (रस स्रवणाऱ्या पेशींचा गोल पुंजका) हाय पॉवरवर नीट बघा. पेशीचा तळ निळसर असतो, कारण तिथे आरएनए ठासून भरलेलं असतं. टोक गुलाबी, कारण तिथे एन्झाइमचे कण साठलेले असतात. चरबीच्या पेशी रिकाम्या दिसतात, कारण स्लाइड बनवताना अल्कोहोल आणि झायलीनमध्ये चरबी विरघळून गेलेली असते. हे एकदा कळलं की पाठ करण्यासारखं फारसं उरत नाही.

आधी स्लाइड नुसत्या डोळ्यांनी उजेडात धरा. मग लो पॉवर: पोकळ आहे की भरीव, कॅप्सूल आहे का, लोब्यूल आहेत का. मग एपिथेलियम. हाय पॉवर सगळ्यात शेवटी. बहुतेक मुलं तिथूनच सुरुवात करतात आणि हरवतात. चित्र काढल्याशिवाय स्लाइड परत ठेवू नका. चित्र काढताना जे बघावं लागतं ते फोनवर फोटो काढताना बघितलं जात नाही.

भाई आज सर्जन आहे. चवथीला सगळे जमलो की त्याचं ठरलेलं वाक्य असतं, "पहिल्या वर्षाचं हिस्टॉलॉजी पुढे कुणाच्या कामाला येतं?" पण थायरॉइडचं ऑपरेशन करताना एक तपकिरी गाठ हाताला लागते. ती पॅराथायरॉइड आहे, लिम्फ नोड आहे की नुसती चरबी, हे सर्जनला टेबलावरच कळायला हवं असतं. तुकडा फ्रोझनला (तिथल्या तिथे गोठवून, कापून तपासायला) माझ्याकडे येतो आणि पेशंट भूल दिलेल्या अवस्थेत असताना वीसेक मिनिटांत उत्तर द्यावं लागतं. तेव्हा मी बघतो ते पहिल्या वर्षाचंच: दाटीने बसलेल्या पेशी, मधूनमधून चरबी, लिम्फ नोडमध्ये दिसणारं जर्मिनल सेंटर कुठेच नाही, म्हणजे पॅराथायरॉइड. भाईने हे एकदा सगळ्यांसमोर कबूल करावं एवढीच माझी अपेक्षा आहे.

अ‍ॅटलस तुमच्या विभागात वापरतात तोच घ्या. कॉम्प्युटरवरच्या स्लाइड घरी उजळणीला चांगल्या, पण फाइन फोकस स्वतःच्या बोटांनी फिरवायची सवय त्याने लागत नाही. आणि परीक्षा अगदी तोंडावर असेल तर खुणा आठवतील त्या आठवू देत. फक्त नावापुढे ओळखीचे मुद्देही लिहावे लागतात. थायमस लिहिलंत तर परीक्षक हॅसल्स कॉर्पसल (थायमसची ओळख असलेला पेशींचा गोल पुंजका) कुठे आहे ते दाखवायला सांगतील, आणि ते मेड्युलात, म्हणजे आतल्या भागात शोधावं लागेल.