विद्यापीठाकडे काय मागायचे, महाविद्यालयाकडे काय? पदवी शिक्षणाविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न: माझी मुलगी बारावी कला शाखेतून चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली आहे. तिला बी.ए. मुंबई विद्यापीठातच, म्हणजे कलिना येथे जाऊन करायचे आहे. चौकशी केली तेव्हा महाविद्यालयात अर्ज करा, असे आम्हाला सांगण्यात आले. विद्यापीठ स्वतः बी.ए. शिकवत नाही का?
— एक पालक, डोंबिवली

उत्तर: तुम्हाला सांगितले ते बरोबर आहे. मुंबई विद्यापीठ १८ जुलै १८५७ रोजी लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाले, तेव्हा शिकवण्याचे काम महाविद्यालयांचे आणि परीक्षा घेऊन पदवी देण्याचे काम विद्यापीठाचे, अशी वाटणी होती. १८६२ साली पहिल्या तुकडीत बी.ए. झालेले महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघेही शिकले ते एल्फिन्स्टनमध्ये. विद्यापीठाचे स्वतःचे अध्यापन विभाग बरेच उशिरा, १९१९ मध्ये समाजशास्त्र आणि अर्थशास्त्रापासून उभे राहू लागले, आणि आजही ते मुख्यतः एम.ए., एम.एस्सी. आणि पीएच.डी.साठीच आहेत. बारावीनंतर थेट विद्यापीठाच्या आवारात शिकता येईल असे पर्याय थोडे आहेत. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी अणुऊर्जा विभागाच्या सहकार्याने २००७ साली कलिना संकुलातच सुरू झालेले मूलभूत विज्ञान केंद्र आहे. तेथील पाच वर्षांच्या एकात्मिक एम.एस्सी.ला ‘नेस्ट’ या राष्ट्रीय प्रवेश परीक्षेतून जावे लागते. ठाणे उपपरिसरात कायदा आणि व्यवस्थापनाचे पाच वर्षांचे अभ्यासक्रम आहेत. कला शाखेच्या नेहमीच्या बी.ए.साठी मात्र महाविद्यालयच निवडावे लागेल.

त्यासाठी आधी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर प्रवेशपूर्व नावनोंदणी करावी लागते आणि मग प्रत्येक महाविद्यालयाकडे वेगळा अर्ज भरावा लागतो. गुणवत्ता याद्या साधारणपणे तीन लागतात. पहिली यादी पाहून निराश होणारे पालक दरवर्षी भेटतात. पण इतरत्र प्रवेश घेतलेल्यांच्या जागा रिकाम्या होत जातात, हे ध्यानात ठेवून तिसऱ्या यादीपर्यंत धीर धरावा. ज्या महाविद्यालयाला कनिष्ठ महाविद्यालय जोडलेले आहे, तिथे त्यांच्याच बारावीच्या विद्यार्थ्यांना प्राधान्य मिळते, म्हणून बाहेरच्यांसाठी नेमक्या किती जागा उरतात, हे कार्यालयात जाऊन विचारावे.

पदवीवर कोणाचे नाव असेल, हा प्रश्न पालक सहसा विचारतच नाहीत. माझ्या मते तो सर्वांत आधी विचारायला हवा. सेंट झेवियर्स किंवा रुईया यांसारखी स्वायत्त महाविद्यालये अभ्यासक्रम स्वतः ठरवतात आणि परीक्षाही स्वतः घेतात, तरी पदवी मुंबई विद्यापीठाचीच मिळते. रानड्यांचे एल्फिन्स्टन मात्र आता मुंबई विद्यापीठात राहिलेले नाही. सिडनहॅम आणि विज्ञान संस्थेसह ते २०१९ पासून डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठाचा भाग आहे. के. सी. आणि एच. आर. ही चर्चगेटची दोन नावाजलेली महाविद्यालयेही २०२० पासून एचएसएनसी विद्यापीठात गेली आहेत. या पदव्या कुठेही कमी नाहीत, पण ‘मुंबई विद्यापीठातच’ असा तुमच्या मुलीचा आग्रह असेल तर हे तिला आधीच कळलेले बरे. डोंबिवलीहून रोज चर्चगेट गाठण्याचाही विचार करा. सकाळी सातच्या तासाला पोहोचायचे म्हणजे घर पाचच्या सुमारास सोडावे लागेल, आणि हवा तो विषय ठाणे-कल्याण परिसरात चांगला शिकवला जात असेल तर केवळ नावासाठी हा द्राविडी प्राणायाम करण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

प्रश्न: मी एफ.वाय.बी.ए.ला आहे. मेजर, मायनर, श्रेयांक आणि चौथे वर्ष यांचा उलगडा अजून झालेला नाही. चौथे वर्ष करणे बंधनकारक आहे का? आणि लोकलच्या पासची सवलत पदवीच्या मुलांना मिळते का?
— एक विद्यार्थी, नालासोपारा

उत्तर: चौथे वर्ष बंधनकारक नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसारची ही रचना संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून पहिल्या वर्षाला लागू झाली. एका सत्राला साधारण २२ श्रेयांक, म्हणजे तीन वर्षांत १३२ आणि चार वर्षांत १७६, असा हिशेब आहे. वर्गातील १५ तासांच्या अध्यापनाला एक श्रेयांक मिळतो, प्रात्यक्षिकाला त्याच्या दुप्पट तास लागतात. मेजर हा तुमचा मुख्य विषय, मायनर हा त्याच्या जोडीचा. त्याखेरीज दुसऱ्या विद्याशाखेतला खुला विषय, कौशल्याचे आणि भाषेचे विषय, भारतीय ज्ञानप्रणाली, पुढे प्रत्यक्ष कामाचा अनुभव अशी भर पडत जाते. कागदावर ही निवड विस्तृत दिसते. प्रत्यक्षात महाविद्यालयाकडे जे प्राध्यापक आहेत तेवढीच ती असते. इतिहास मेजर आणि मानसशास्त्र मायनर, अशी जोडी हवी असेल आणि महाविद्यालयात मानसशास्त्र विभागच नसेल, तर धोरण काहीही म्हणो, ती मिळणार नाही. म्हणून मायनर निश्चित करण्यापूर्वी तो विषय तिसऱ्या वर्षापर्यंत शिकवला जाणार आहे का, हे विभागप्रमुखांना विचारून घ्या.

चौथ्या वर्षाचा निर्णय पुढे काय करायचे आहे यावर अवलंबून आहे. तीन वर्षांच्या पदवीनंतर एम.ए.ला दोन वर्षे लागतात आणि चार वर्षांच्या ऑनर्सनंतर एक, म्हणजे एकूण काळ दोन्ही वाटांनी पाचच वर्षांचा होतो. संशोधनासह ऑनर्स करायचे असेल तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात, आणि चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असतील तर एम.ए.शिवाय पीएच.डी.च्या प्रवेशासाठी पात्र ठरता येते. स्पर्धा परीक्षा किंवा नोकरी डोळ्यांपुढे असेल तर तीन वर्षे पुरेशी आहेत. आणखी एक गोष्ट: चौथे वर्ष प्रत्येक महाविद्यालयात सुरू होईलच असे गृहीत धरू नका. श्रेयांक पेढीतील, म्हणजे मिळवलेल्या श्रेयांकांची ऑनलाईन नोंद ठेवणाऱ्या ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मधील, तुमचे खाते उघडले आहे आणि त्यात सत्रागणिक श्रेयांक जमा होत आहेत, याची खात्री मात्र आजच करून घ्या.

पासाची सवलत मिळते. महाविद्यालयाच्या कार्यालयातून सवलतीचा अर्ज घेऊन तो मुदतीत तिकीट खिडकीवर द्यावा लागतो. पास निम्म्या दराचा असतो, आणि घराजवळच्या व महाविद्यालयाजवळच्या स्थानकांदरम्यानच मिळतो. क्लासला जाण्यासाठी दादरपर्यंत वाढवून मागितलात तर नकार येईल.

प्रश्न: लग्नामुळे बी.कॉम. पहिल्या वर्षानंतर सुटले, त्याला पंधराहून अधिक वर्षे झाली. आता नोकरी सांभाळून पदवी पूर्ण करायची आहे. दूरस्थ शिक्षणाची पदवी ग्राह्य धरतात का?
— एक वाचक, लालबाग

उत्तर: धरतात. मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ पदवी नियमित पदवीशी समकक्ष आहे, हे विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केले आहे. मुंबई विद्यापीठाची ही व्यवस्था १९७१ पासून आहे. पत्रद्वारा शिक्षण म्हणून सुरू झालेली आणि पुढे ‘आयडॉल’ या नावाने ओळखली गेलेली ती संस्था आता दूरस्थ व ऑनलाईन शिक्षण केंद्र म्हणून चालते. जुने गुणपत्रक घेऊन कलिना येथील कार्यालयात विचारणा अवश्य करा; पण श्रेयांक पेढीत जमा श्रेयांकही सातच वर्षे टिकतात, तेव्हा पहिल्या वर्षापासून प्रवेश घेण्याची तयारी ठेवलेली बरी. प्रवेशाआधी आयोगाच्या संकेतस्थळावर दूरस्थ शिक्षणासाठीचा ओळख क्रमांक काढावा लागतो. तो विनामूल्य मिळतो, त्यासाठी सायबर कॅफेत दोनशे रुपये मोजू नका. आणि छापील अभ्याससाहित्यावर न विसंबता शनिवार-रविवारच्या मार्गदर्शन वर्गांना जमेल तेवढे जा, विशेषतः लेखाशास्त्रासाठी.

प्रश्न: मला एम.ए.साठी मुंबईला यायचे आहे. राहण्याची सोय होईल का, की रत्नागिरीतच शिकावे?
— एक विद्यार्थिनी, राजापूर

उत्तर: विषय कोणता, हे आपण लिहिलेले नाही, आणि उत्तर त्यावरच अवलंबून आहे. मराठी किंवा अर्थशास्त्रासाठी जिल्ह्यातही पदव्युत्तर केंद्र सापडेल. पाली, आफ्रिकी अभ्यास, रशियन, नाट्यशास्त्र किंवा लोककला यांसारख्या विषयांसाठी मात्र कलिना गाठण्याला पर्याय नाही, आणि विद्यापीठाचे खरे वैभव मला तरी या लहान विभागांतच दिसते. विद्यापीठाच्या वसतिगृहात जागा मोजक्या आहेत, म्हणून प्रवेश निश्चित होताच त्याच दिवशी वसतिगृहाचा अर्जही द्यावा. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात जागा न मिळाल्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेचा आधार आहे. आर्थिकदृष्ट्या मागास विद्यार्थ्यांनी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेत आपला अभ्यासक्रम बसतो का, हे राज्य शासनाच्या महाडीबीटी या शिष्यवृत्ती संकेतस्थळावर पाहावे. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून गावी असतानाच काढा.

प्रश्न: मुलगा दुसऱ्या वर्षाला आहे आणि जुलैपासून युवा महोत्सवाच्या तालमींतच असतो. रात्री अकरा-अकरा वाजतात. त्याला थांबवावे का?
— एक आई, परळ

उत्तर: थांबवू नये, असे माझे मत आहे. विद्यापीठाच्या युवा महोत्सवात एकपात्री, मूकाभिनय, लोकनृत्य, वक्तृत्व अशा स्पर्धांत सातही जिल्ह्यांतील महाविद्यालये उतरतात. मुंबईच्या हिंदू कॉलनीतला मुलगा आणि सिंधुदुर्गातल्या दशावताराच्या घरातला मुलगा एका रंगमंचावर येण्याची संधी वर्गात मिळत नाही. नव्या अभ्यासक्रमात सांस्कृतिक कामाला श्रेयांकही आहेत. मात्र ७५ टक्के हजेरीचा नियम तालमींमुळे रद्द होत नाही. महाविद्यालयाचे प्रतिनिधित्व करणाऱ्यांना सवलत मिळू शकते, पण त्यासाठी सांस्कृतिक विभागाच्या प्राध्यापकांचे पत्र तालमींच्या काळातच कार्यालयात पोहोचलेले असावे. ऑक्टोबरमध्ये नाव कमी हजेरीच्या यादीत लागल्यावर धावपळ करून उपयोग होत नाही. ते पत्र दिले आहे का, आणि अंतर्गत परीक्षेच्या तारखा कोणत्या, एवढे त्याला आज रात्री विचारा.