सोन्यातलं लोखंड: ‘हीण’ म्हणावं का?

प्रश्न असा आहे: ‘सोन्यात विरघळलेल्या लोखंडाच्या मोजक्या अणूंवर मराठीत लेख लिहितोय. त्यांना हीण म्हटलं तर चालेल का? अशुद्धी हा शब्द कोरडा वाटतो.’

हीण सुचणं साहजिक आहे. आमच्या कोल्हापुरात गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, तो रोजच्या बोलण्यातला शब्द. मूळ संस्कृत ‘हीन’. कसोटीच्या दगडावर उमटतो तो कस, आणि त्यात कमी उतरतं ते हिणकस. ‘निकष’ही त्याच घरातला. पण हीण म्हणजे भाव उतरवणारी भर, तीही बहुधा तांब्याची नाहीतर चांदीची. २२ कॅरेटच्या साजात हजारी ८४ भाग अशी भर असते. लोखंडाची गोष्ट वेगळी. कानस मारून झाली की सोनार चुरा कागदावर पसरतो, वरून लोहचुंबक फिरवतो, कानशीचे काळे कण टिपून घेतो आणि मगच चुरा मुशीत घालतो.

तुमचं लोखंड असं टिपता येणार नाही. त्याचा एकेक अणू चहूकडून सोन्याने वेढलेला असतो. त्याचं चुंबकत्व शाबूत असतं, पण साथीला दुसरा लोहअणू जवळ नसतो. एवढ्याशा लोखंडाचा प्रताप मात्र मोठा. धातू थंड करत नेला की विजेला होणारा रोध उतरत जातो. १९३४ साली नेदरलँड्समधल्या लायडनमध्ये सोन्याच्या तारांत तो तळाला जाऊन पुन्हा चढताना दिसला. कोडं सोडवलं जपानचे भौतिकशास्त्रज्ञ जुन कोंडो यांनी, १९६४ साली. वाहते इलेक्ट्रॉन लोहअणूपाशी आपल्या फिरकीची (स्पिनची) दिशा उलटवतात, आणि थंडी वाढते तशी ही अडवणूकही वाढते. तांब्यात तर साधारण ३० केल्विनच्या (उणे २४३ अंश सेल्सिअसच्या) खाली इलेक्ट्रॉन लोखंडाचं चुंबकत्वच झाकून टाकतात.

इथे कुणाचा भाव उतरत नाही. लोखंड हाच अभ्यासाचा विषय आहे. म्हणून मी ‘लोहांश’ सुचवेन. दुधातल्या स्निग्धांशात जशी निंदा नाही की स्तुती नाही, तसाच हा शब्द. त्याआधी ‘विरळ’ लावा. पातळ आमटी असते, सौम्य आम्ल असतं. विरळ असते ती वस्ती, पेरणी. दोन अणूंमधलं अंतर त्या एका शब्दात येतं: ‘सोन्यातील विरळ लोहांश’.

लोखंड काही टक्क्यांवर गेलं की अणूंना एकमेकांची चाहूल लागते आणि थंडीत त्यांची चुंबकत्वं वाटेल त्या दिशेला गोठतात. या अवस्थेला स्पिन ग्लास म्हणतात. लेखात तो भाग आला, तर तिथे ‘विरळ’ काढून टाका.