औंढा नागनाथला होऊ घातलेल्या लायगोमध्ये, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेत, सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञाला काम काय?

दोन कृष्णविवरं एकमेकांत विलीन होताना गुरुत्वीय लहर (अवकाश-काळात उठणारा तरंग) कशी दिसेल, हे आइन्स्टाइनच्या समीकरणांतून आधीच काढून ठेवणं, हे त्याचं मोठं काम. परभणीत बी.एस्सी.ला मी हेच शिकवतो. लायगोच्या चार किलोमीटर लांब भुजेत लहरीमुळे पडणारा लांबीचा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहून लहान असतो, गोंगाटात पार बुडालेला. गणिताने काढलेला लहरीचा आकार यंत्राच्या नोंदींशी ताडल्याशिवाय खात्री होत नाही. अमेरिकेतल्या लायगोने १४ सप्टेंबर २०१५ ला टिपलेल्या पहिल्या लहरीची खात्रीही अशाच ताडणीतून पटली, आणि या पद्धतीचा पाया घालणाऱ्यांत पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेतले संजीव धुरंधर आहेत, याचा मला फार अभिमान वाटतो! मात्र नुसत्या कागदावरच्या गणितावर भागत नाही. प्रोग्रामिंग आणि संख्याशास्त्र पदवीपासूनच शिकायला घ्या.