वाचक विचारतात: बसलेला फ्लेमिंगो शार्प, उडाला की गेला!

प्रश्न: दादा, ऐरोलीच्या फ्लेमिंगो बोटीतून फोटो काढले. चिखलात उभे होते तोवर एक नंबर, पण थवा उठला आणि पंखांचा नुसता गुलाबी धूर. ७०-३०० लेन्स आहे, शटर १/५०० सेकंद, स्टॅबिलायझेशनपण ऑन होतं. आता मोठी लेन्स घ्यावी का?
(एक वाचक, कोपरखैरणे)

लेन्सचे पैसे सध्या बँकेतच राहू दे. स्टॅबिलायझेशन तुझा हात हलतो तेवढं सांभाळतं, पंख हलतात त्याला ते काहीच करू शकत नाही, आणि हा गोंधळ एवढे लोक करतात की काय सांगू. १/५०० ला तरंगणारी घार निघेल कदाचित, पण फ्लेमिंगो पाण्यावर धावत धावत जोरात पंख मारून उठतो, तिथे १/१६०० ते १/२००० पाहिजेच.

मग उजेड कुठून आणायचा? आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाला दाद द्यायची ताकद, वाढव. १/५०० वरून १/२००० म्हणजे दोन स्टॉप गेले, उजेड दोनदा निम्मा झाला, म्हणजे ४०० आयएसओ होता तर १६०० कर, हिशोब संपला. ग्रेनला, म्हणजे फोटोत येणाऱ्या दाण्यांना, घाबरून लोक आयएसओ खाली दाबून ठेवतात आणि मग हललेला फोटो घेऊन घरी येतात. ग्रेन सॉफ्टवेअरमध्ये बराच कमी होतो, हललेला पंख काही केल्या परत येत नाही. सगळ्यात सोपं म्हणजे मॅन्युअल मोड, शटर १/२०००, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक) लेन्स देईल तेवढं उघडं आणि आयएसओ ऑटोवर.

पण सेटिंग बदलायच्या आधी जुने फोटो कॉम्प्युटरवर १०० टक्के झूम करून बघ, कारण ब्लर म्हणजे सगळा एकच नसतो. डोळा शार्प आणि पंखांची टोकं पुसलेली असतील तर शटर कमी पडलं. सगळंच एका दिशेने ओढल्यासारखं असेल तर कॅमेरा हलला. पक्षी मऊ आणि मागची खारफुटी पान न् पान कडक, तर फोकस चुकला, तिथे शटर १/८००० केलंस तरी उपयोग शून्य. या तिघांना औषधं वेगवेगळी आहेत. पंखाचं टोक जरासं हललेलं आणि डोळा टकटकीत असा फोटो मला तरी आवडतो, सगळंच गोठवलं की पक्षी पेंढा भरल्यासारखा दिसतो.

आणि बोटीत लेन्स कठड्यावर टेकवू नकोस, इंजिनची थरथर सगळी लेन्समध्ये येते. कोपर पोटाशी घट्ट, पाय फाकवून, बस.

प्रश्न: सीवूड्सच्या पाणथळीवर सकाळी साडेअकराला ट्रायपॉड लावून १/३२०० ने काढले तरी एक फोटो शार्प नाही. सगळं पाण्यातून बघितल्यासारखं दिसतंय. कॅमेरा सर्व्हिसिंगला देऊ?
(एक वाचक, नेरूळ)

नको, कॅमेऱ्याला काही झालेलं नाही. हे ऊन आहे. चिखल तापला की वरची हवा थरथरते आणि लांबचा पक्षी त्या थरथरत्या हवेतून दिसतो, महागड्यातली महागडी लेन्स लावा, तेच येणार. उपाय दोनच, लवकर जा आणि पक्षी जवळ असताना काढा.

आता गंमत इथे आहे. ओहोटीला फ्लेमिंगो खाडीच्या चिखलावर लांब पांगलेले असतात, भरतीला चिखल बुडाला की ते सीवूड्सकडच्या पाणथळीत येऊन टेकतात. म्हणजे आपल्याला भरती पाहिजे. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा अंदाजे तास निघतो हे आपल्याकडे किनाऱ्यावर सगळ्यांना माहीत असतं, चतुर्थीला तीन वगैरे. त्या हिशोबाने दशमी-एकादशीला सकाळी साडेसात-सव्वाआठला भरती, पण ते दिवस भांगाचे, पाणी फार चढत नाही आणि बराच चिखल उघडाच राहतो. पौर्णिमा-अमावस्येचं उधाण जबरदस्त, पण भरती येते बाराच्या आसपास, नेमकी तुमच्या त्या थरथरत्या हवेच्या वेळेला. म्हणून मी द्वादशी-त्रयोदशी धरतो, भरती नऊ ते पावणेदहा, आपण सातलाच जाऊन उभं राहायचं आणि पाणी चढताना येणारे थवे घ्यायचे. खाडीच्या आत वेळ थोडी पुढे सरकते, त्यामुळे भरती-ओहोटीचा तक्ता बघून खात्री करून घ्या.

प्रश्न: उडताना चांगला फोटो यावा म्हणून थवा उठवला तर चालतं का? बोटवाल्याला अजून जवळ घ्यायला सांगितलं तर?
(एक वाचक, ऐरोली)

नाही चालत. ठाणे खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, आपला स्टुडिओ नाही. लांबून प्रवास करून आलेले पक्षी खायला बसलेत, त्यांना उगाच उठवायचं आणि वर फोटो पाठमोरे यायचे, कारण घाबरलेला पक्षी तुमच्यापासून लांबच पळणार ना.

त्यापेक्षा वारा बघा. पक्षी वाऱ्याकडे तोंड करून उठतो आणि तसाच उतरतो. हिवाळ्यात सकाळी वारा बहुतेक जमिनीकडून म्हणजे पूर्वेकडून असतो, दुपारनंतर समुद्राकडून. सकाळी ऐरोलीच्या काठावर उभे राहिलात तर सूर्य तुमच्या पाठीशी आणि पक्षी तोंड करून तुमच्याकडेच, अजून काय पाहिजे! संध्याकाळी त्याच काठावरून सूर्य समोर येतो, मग काळ्या सावल्याच काढा.

प्रश्न: काका, फोकस दर वेळी मागच्या झाडांवर जातो. काय करू?
(एक कॉलेजकुमार, ठाणे)

कंटिन्युअस फोकस लाव, निकॉन-सोनीत एएफ-सी, कॅननमध्ये एआय सर्व्हो किंवा नुसतं सर्व्हो. एकच बारका पॉइंट नको, छोटा ग्रुप किंवा झोन घे, पक्षी ओळखणारा मोड असेल तर तो चालू कर. आणि पक्षी लांब असतानाच त्याला फ्रेममध्ये धरून सोबत फिरत राहा, अगदी जवळ आल्यावर कॅमेरा उचलला की फोकस झाडावरच बसणार. प्रॅक्टिसला फ्लेमिंगो कशाला लागतात, बिल्डिंगच्या गच्चीवरून घारी धर, मग बगळे, मग तलावपाळीची कबुतरं, ती जमली की बाकी सगळे सोपे. खंड्याच्या मागे मात्र आत्ताच लागू नकोस, त्याला १/३२०० पण कधीकधी पुरत नाही.

प्रश्न: मिररलेस कॅमेरा घेतला, सायलेंट शटरवर पंख वाकडे येतात. पीस खराब आहे का?
(एक वाचक, वाशी)

पीस ठीक असणार. सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर, ते फ्रेम वरून खाली ओळीओळीने वाचतं, तेवढ्यात पंख पुढे गेलेला असतो. मेकॅनिकल शटरवर टाका, थोडा खटखट आवाज होईल, होऊ दे.