कॅन्सरमुळे यकृताच्या शिरेत गुठळी झाली असेल, तर रक्त पातळ करायच्या गोळीने ती विरघळते का? वडील कधी प्यायले नाहीत, तरी हे झालं.

गुठळी कशाची आहे त्यावर अवलंबून. पण तुम्ही लिहिलंय ना, 'वडील कधी प्यायले नाहीत, तरी'. त्या 'तरी'साठी लिहायला बसलो.

माझे वडील माळकरी. २०१९च्या श्रावणात पाय सुजले, धोतर कमरेला पुरेना. पोटात पाणी झालंय म्हटल्यावर भावकीने त्याच दिवशी निकाल लावला, म्हातारा चोरून घेतोय. थोरले चुलते आमच्याच ओसरीवर बसून म्हणाले, "माळेआड काय चालतं ते पांडुरंगालाच ठाऊक." वडील आत खाटेवर जागे होते.

तालुक्याच्या डॉक्टरांनीही आधी तेच विचारलं. मग दीड महिना लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू आणि मीठ बंद. दोनदा पाणी काढलं, पोट आठवड्यात पुन्हा टम्म. शेवटी पुण्यात डॉप्लर, म्हणजे शिरांतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, केलं. यकृतातलं रक्त बाहेर नेणाऱ्या तीन मोठ्या शिरांपैकी दोन बंद, गुठळीचं टोक थेट हृदयाकडे जाणाऱ्या महाशिरेत. रिपोर्टवर 'बड-चिआरी', म्हणजे याच शिरा तुंबण्याचा आजार. मला वाटलं, गुठळीच आहे, गोळीने जाईल. ट्रिपल फेज सीटीत, म्हणजे शिरेत डाय (रंगद्रव्य) सोडून तीन टप्प्यांत काढलेल्या स्कॅनमध्ये, ते वाटणं संपलं. डाय सोडल्यावर पहिल्याच फेजमध्ये गुठळी उजळली. नुसत्या साकळलेल्या रक्ताला रक्तपुरवठा नसतो, ते असं उजळत नाही. तो शिरेत घुसलेला यकृताचा कॅन्सरच होता. एएफपी (यकृताच्या कॅन्सरात वाढणारं रक्तातलं प्रथिन) हजारांत, हेपटायटिस बी (यकृताला कॅन्सरही करू शकणारा विषाणू) पॉझिटिव्ह.

असल्या गुठळीला रक्त पातळ करून ती विरघळत नाही. त्यात अन्ननलिकेतल्या शिरा फुगलेल्या असल्या तर रक्तस्रावाची भीती वेगळी. प्रत्यारोपणालाही सहसा नकारच मिळतो. आम्हाला पाच महिने मिळाले.

तेराव्याला चुलत्यांपुढे फाईल ठेवली. म्हणाले, "बी म्हणजे बियरचा का?"

हा विषाणू बाळंतपणात आईकडून मुलाला येऊ शकतो. म्हणून तुम्ही सगळ्या भावंडांनी एचबीएसएजी, म्हणजे या विषाणूची रक्तचाचणी, करून घ्या. निगेटिव्ह आलात तर लशीचे तीन डोस घ्या. लाजू नका. माझा धाकटा भाऊ पॉझिटिव्ह निघाला, तो दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करतो. वडील आणि चुलते एकाच आईचे, हे मी चुलत्यांना चारदा सांगितलं. त्यांनी तपासणी अजून केलेली नाही. चारचौघांत माळकऱ्याला दारुडा म्हणायला मात्र रिपोर्ट लागला नव्हता.

एक राहिलं. मी डॉक्टर नाही, एमआर (औषध कंपनीचा प्रतिनिधी) होतो. काही रक्ताच्या कॅन्सरांत, जॅक-२ नावाच्या जनुकात बदल असलेल्या, या शिरांत खरोखर रक्तच साकळतं, आणि तिथे रक्त पातळ करायची औषधं हाच उपचाराचा पाया असतो. तेव्हा माझ्यावर विसंबून गोळी बंद करू नका. डॉक्टरांना एवढंच विचारा, गुठळी रक्ताची की गाठीची?