ड्रोन वळवला की व्हिडिओचा रंग का बदलतो?

तुम्ही लिहिलंय की कृष्णेच्या घाटावरून उडवून उसाकडं वळवला की तोच शॉट मधेच निळसर-गुलाबी होतो, तर ड्रोन खराब नाहीये, व्हाईट बॅलन्स (प्रकाशाप्रमाणे चित्राचे रंग सांभाळणारं कॅमेऱ्याचं सेटिंग) ऑटोवर आहे एवढंच. फ्रेमभर हिरवा ऊस आला की कॅमेऱ्याला वाटतं हिरवं जास्त झालं, मग तो उलट्या बाजूला ढकलतो आणि परत नदी-आभाळ आलं की पुन्हा बदलतो, एडिटिंगला बसल्यावर हे निस्तरताना डोकं उठतं बघा.

ड्रोन डीजेआय कंपनीचा असेल तर तो उडवायच्या फ्लाय ॲपमध्ये आधी प्रो मोड (सेटिंग हातानं ठरवायचा मोड) करा, मग सेटिंगमधल्या कॅमेरा टॅबमध्ये व्हाईट बॅलन्स मॅन्युअल करा. सांगलीच्या कडक दुपारी ५५०० केल्विनच्या (प्रकाशाच्या रंगाचं माप) आसपास ठेवा, पावसाळी ढगाळ असेल तर ६०००-६५००. आकडा वाढवला की चित्र पिवळट, कमी केला की निळं. संध्याकाळी आयर्विन पुलामागं सूर्य टेकला की ऑटो मुद्दाम तो केशरी रंग मारून टाकतं, तिथं ५५०० वरच राहू द्या, हलवू नका. रात्री पिवळ्या दिव्यांना ३२०० पासून बघत जा. एनडी फिल्टर (लेन्सवर लावायची, प्रकाश कमी करणारी काच) लावत असाल तर लावून झाल्यावरच सेट करा, स्वस्तातले काही फिल्टर स्वतःचाच रंग सोडतात.

फोटोचं टेन्शन नको, रॉ मध्ये (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाईल) काढले की रंग नंतर आरामात बदलता येतो. व्हिडिओत मात्र तेवढी मोकळीक नसते, म्हणून एका सीनचे सगळे शॉट एकाच आकड्यावर घ्या.